शटरमधलं तेल

कॅमेऱ्याचं शटर उघडलं ते बंद व्हायचं नाव घेईना. मी पुन्हा खटका चढवला, बटण दाबलं. पात्या उघडल्या आणि तशाच चिकटून राहिल्या.

"साहेब, यात तेल घातलंत?"

"छे!"

"मग शिलाईमशीनच्या तेलाचा वास कुठून येतोय?"

"थेंबभर घातलं असेल," साहेब म्हणाले. "कोरडं वाजत होतं."

साहेब म्हणजे जोगळेकर, माझे जुने सुपरवायझर. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी प्रेशर गेज दुरुस्त करायची आणि ते माझ्या डोक्यावर उभे राहायचे. रिटायर झाल्यावर मी सिपरी बाजारात राहत्या घरीच जुने कॅमेरे दुरुस्त करायला लागले. हात तोच, फक्त स्क्रू बारीक झाले.

त्यांनी आणलेला कॅमेरा त्यांच्या वडिलांचा. फोल्डिंग, म्हणजे मिटला की जाड पाकिटाएवढा. झाकण उघडलं की चामड्याचा भाता पुढे येतो आणि त्याच्या टोकाला लेन्स. रीळ जवळजवळ अडीच इंच रुंद. निगेटिव्ह मोठी, त्यामुळे घोळक्यातला शेवटचा चेहराही ओळखू येतो.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर गणपतीचा एक ग्रुप फोटो लावलेला आहे. आधी साहेबांचे वडील काढायचे, मग साहेब. सगळे याच कॅमेऱ्यातून. मागच्या वर्षीचा मात्र पांढराफटक आला. साहेबांनी रिळाला दोष दिला. कमिटीने ऐकून घेतलं आणि ठरवलं, यंदाही बिघडला तर पुढे मोबाईल. विसर्जन पाच दिवसांवर आलं होतं.

"कमिटीत बोलू नकोस," साहेब म्हणाले.

"काय बोलू नको?"

"तेलाचं."

तेव्हा मला कळलं, की मागच्या वर्षीही थेंबभर घातलेलं होतं.

इथे आमच्या कारखान्याचा स्वभाव सांगायला हवा. तिथे जे अडतं त्यात तेल घालतात. बेअरिंग असो, बिजागरी असो, साहेबांच्या केबिनचं कुलूप असो. पण शटरच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात आणि त्या कोरड्याच चालाव्या लागतात. तेल लागलं की एकमेकींना चिकटतात. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात मिटायचं शटर आरामात मिटतं, उजेड नको तितका आत जातो आणि फोटो जळतो. तेलाने दोन दिवस बरं वाटतं, हाच त्यातला धोका.

मी शटर काढून पांढऱ्या पेट्रोलने धुतलं. वाळवलं, पुन्हा धुतलं. तिसऱ्या वेळी पात्या टकटक मिटू लागल्या. लेन्सची रिंग जुन्या ग्रीसने दगड झाली होती, तिला हेअर ड्रायरची ऊब दिली. अंधाऱ्या मोरीत भात्याच्या आत टॉर्च लावला, तर कोपऱ्यांत तीन चांदण्या दिसल्या. ती भोकं काळा रंग आणि फेविकॉल कालवून बुजवली. मग गच्चीवर जाऊन, रिळाच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून, दूरच्या किल्ल्यावर फोकस लावला. बुरूज कागदावर उलटा पण स्वच्छ उमटला. माझं काम झालं होतं आणि ते चांगलं झालं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आता टेस्ट रोल," मी म्हटलं.

"रिळं दोनच आहेत. टेस्ट कशाला?"

"टेस्ट केल्याशिवाय गेज लाइनवर जात नाही, हे कोण ओरडायचं?"

साहेबांनी एक रीळ काढून दिलं. टेस्ट रोल मी मोरीतच धुतला. सगळ्या फ्रेम व्यवस्थित आल्या.

विसर्जनाच्या सकाळी मंडळी हॉलच्या पायऱ्यांवर तीन रांगांत बसली. सेक्रेटरी अभय मोबाईल घेऊन तयारच होता. "ताई, एक मोबाईल पे भी ले लेते हैं, सेफ्टीसाठी."

"घे की."

साहेबांनी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रीळ एकवर आणलं. खटका चढवताना जरा थांबले, कान लावला. मग त्यांचा हात कुर्त्याच्या खिशात गेला आणि बाहेर आली ती सुईच्या तोंडाची तेलाची छोटी बाटली.

"साहेब!" मी इतक्या जोरात ओरडले, की ढोलवाल्यांनी वळून बघितलं.

साहेब बाटलीकडे बघत राहिले. आपण ती कधी काढली हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. हाच हात धरून मी काम शिकले होते.

"जोगळेकरजी, क्या हुआ?" अभयने विचारलं.

साहेबांनी बाटली माझ्या हातात दिली. "मागच्या वर्षीचा फोटो रिळाने नाही बिघडला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तेल घातलं म्हणून बिघडला. या हाताचा आता भरवसा नाही. सुनीता, तू काढ."

आणि ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. भिंतीवर त्यांनी काढलेल्या एकाही फोटोत ते नव्हते, वडिलांनी काढलेल्यांत वडील नव्हते. काढणारा कधी फोटोत येत नाही, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेजारच्या आजींनी सरकून जागा दिली. अभयने मोबाईल खिशात ठेवला.

तिन्ही रांगा शार्प याव्यात म्हणून लेन्सचं भोक बारीक ठेवलं होतं, त्यामुळे शटर सावकाश, सेकंदाच्या पंचविसाव्या भागाला. "हलू नका," असं सांगून मी बटण दाबलं.

फोटो हॉलमध्ये लागला आहे. शेवटच्या रांगेतल्या बाईंच्या नथीचे मोतीसुद्धा मोजता येतात. फक्त पहिल्या रांगेत मधोमध एक चेहरा हललेला आहे. ऐन वेळी साहेब पुढे वाकून ओरडले होते, "रीळ पुढे घेतलंस ना?"

शटर दुरुस्त होतं. सुपरवायझर होत नाही.