कामाला जायची सायकल

पहिली सायकल नवऱ्याने मला न विचारता आणली. काळी, सडसडीत, खाली वळलेल्या हँडलची. रविवारी सकाळी पुण्याकडून लवासाला जाणारी मंडळी ज्या सायकलींवर ओणवी होऊन जातात ना, तसली. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटीसुद्धा नाही. सीट एवढी अरुंद की तिच्यावर माणूस बसतं यावर माझा विश्वास बसेना. सोबत हेल्मेट आणि अंगाला चिकटणारा पिवळा टीशर्ट.

"घराला शोभंल अशी हाय," तो कौतुकाने म्हणाला. "लोकांना वाटंल, सायकलिंगची हौस लागलीय."

मला हौस लागली नव्हती. मला नोकरी टिकवायची होती.

आयटी पार्कमध्ये एक पाळणाघर आहे, तिथं मी काम करते. किल्ली माझ्याकडे असते. आठला दार उघडायचं, कारण सव्वाआठपासून नोकरदार आया कडेवर पोरं घेऊन येतात आणि तशाच पुढे आपल्या मीटिंगला पळतात. मी उशिरा पोचले की त्या दाराबाहेर उभ्या, पोरं रडतायत, आणि मी चौकातल्या गाड्यांच्या गर्दीत नवऱ्याच्या भल्यामोठ्या गाडीत एसी लावून बसलेली. एका महिन्यात चार वेळा असं झालं. आमच्या मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "अजून एकदा उशीर झाला तर किल्ली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

घरी हे सांगितलं तर सगळ्यांना आनंदच झाला. "सोड की मग," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "खोल्यांचं भाडं येतंय, काय कमी हाय तुला? दुसऱ्याची पोरं कशाला सांभाळतीया?"

कमी काही नाही, हे खरं आहे. पार्कला लागून असलेल्या आमच्या माण गावात बऱ्याच घरांचं तसंच आहे. शेतं गेली, खोल्या आल्या. पण सासरी आल्यापासून माझी म्हणावी अशी एकच गोष्ट माझ्या हातात आली होती, आणि ती त्या पाळणाघराच्या दाराची किल्ली होती. ती मी सुखासुखी सोडणार नव्हते.

गर्दीला वळसा घालणारी वाट मला माहीत होती. आमच्या जुन्या भातखाचराच्या बांधावरून जाते आणि पार्कच्या मागच्या गेटला लागते. तोंडाशी सिमेंटचे खांब रोवलेत, त्यामुळे स्कूटीसुद्धा आत जात नाही. पायी गेलं तर सकाळचा डबा आणि सासूबाईंचा नाश्ता आटोपून आठ गाठणं जमत नाही. सायकल मात्र दोन खांबांमधून आरामात जाते. मी हिशोब करून सायकल मागितली आणि नवऱ्याने ही असली आणली.

तरी मी बसून पाहिलं, नाही असं नाही. अंगणात एक चक्कर मारली. मान वर करावी तर पाठ दुखते, खाली करावी तर रस्ता दिसत नाही, आणि आडव्या दांड्यावरून पाय टाकताना ड्रेस गुडघ्यापर्यंत वर. खोल्यांमधली भाडेकरू पोरं गॅलरीत उभी राहून बघत होती. उतरले आणि म्हटलं, "अहो, ही परत करा, नाहीतर तुम्ही चालवा."

ती बदलून घ्यायला बावधनच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. नवरा तोंड पाडून. दुकानदाराने पहिल्यांदा गुलाबी रंगाची, पुढे बास्केट असलेली सायकल काढली. "लेडीजमध्ये हीच चालते, ताई." चालत असेल. पण ती एवढी जड, की चढावर मला तिला ढकलत न्यावं लागलं असतं. गिअर नव्हताच. मी विचारलं, "रोज कामाला जाणाऱ्या बाईसाठी काय आहे?"

तेव्हा कुठे तो माणूस माझ्याकडे नीट बघायला लागला. त्याने हायब्रिड काढून दाखवली. रस्त्याची आणि डोंगराची, दोन्हींच्या मधली. दांडा खाली उतरता, म्हणजे पाय उचलून टाकायला नको. हँडल उंच, पाठ ताठ राहते. टायर ना बारीक ना जाड, बांधावरच्या खडीला पुरेसे. मी एकेक करून तीन सायकली दुकानाबाहेरच्या गल्लीत फिरवल्या. एकीचा ब्रेक माझ्या बोटांना लांब पडत होता. दुसरीला पुढच्या चाकावर धक्के झेलणारा स्प्रिंगवाला काटा होता, दिसायला झकास, पण उचलायला धोंडा. तिसरीवर बसले आणि मला काहीच जाणवलं नाही. ना कंबर, ना मनगट, ना गुडघा. अंगात मापाचं ब्लाऊज बसावं तशी बसली. तीच घेतली. वरून चेनकव्हर बसवून घेतलं, ओढणी अडकू नये म्हणून. मडगार्ड, डब्यासाठी कॅरियर, आणि मोठ्या आवाजाची घंटी.

"अगं, ही पेपरवाल्याची सायकल वाटतीया," नवरा म्हणाला.

"पेपर वेळेवर येतो की नाही?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीपासून मी आठच्या आधी दारात. उशीर संपला. पण सून कामाला जाते हे घरचे काही केल्या लोकांना सांगेनात. कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, डॉक्टरनी व्यायाम सांगितलाय. जाऊबाई सांगायच्या, हौस. मला डॉक्टरने काहीही सांगितलेलं नाही, माझी तब्येत ठणठणीत आहे. मी ऐकून घेत राहिले, कारण सकाळी भांडायला वेळ नसतो. ही माझी चूक झाली.

गेल्या शनिवारी माझ्या पुतणीला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. पोरगी नुकतीच नोकरीला लागलेली. पाहुण्यांना नंतर पुढे जायचं होतं, म्हणून सकाळी सातचीच वेळ ठरली. जाऊबाईंनी आदल्या दिवशी बजावलं, "उद्या रजा टाक. न्हाई जमलं तर सायकल मागच्या दारानं काढ." शनिवारीही कंपन्या चालू असतात, पोरं येतात. रजा मी टाकली नाही. आणि साडेसातला बघितलं तर मागच्या दारापुढे भाडेकरूंच्या मोटरसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या. मी सायकल घेऊन सरळ पुढच्या अंगणात आले. पाहुणे खुर्च्यांवर बसून पोहे खात होते.

मुलाच्या आईने विचारलं, "ह्या कुटं निघाल्या?"

"फिराया," नवरा घाईने म्हणाला. "हौस हाय तिला. डॉक्टरनी पण सांगितलंय."

चहाचा ट्रे घेऊन पुतणी दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. गप्प बसले असते तर तिलाही उद्या हेच शिकावं लागलं असतं.

"हौस न्हाई," मी म्हटलं. "नोकरीला चाललेय. पाळणाघर उघडायचंय."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मुलाच्या वडिलांनी नवऱ्याला विचारलं, "तुमच्यात बाया कामाला जात्यात व्हय?" मी मुलाच्या आईला नमस्कार केला, सायकलवर बसले आणि निघाले. आठ वाजायला तीन मिनिटं असताना दार उघडलं.

संध्याकाळी घरात वादळ. जाऊबाई ओरडल्या, "माझ्या पोरीचं जमत आलेलं मोडलंस!" निरोप अजून आलेला नव्हता, पण त्यांनी नकार आल्यासारखंच धरलं होतं. मी म्हटलं, "ज्यांना माझी सायकल खपत न्हाई, त्यांना तिची नोकरी खपणार हाय का? नकार येणार असंल तर आत्ताच आलेला बरा." त्या रडायला लागल्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं वाटलं नाही.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "एक दिवस फिरायला चाललेय म्हटलं असतंस, तर काय बिघडलं असतं?"

"एक दिवस म्हटलं असतं," मी म्हटलं, "तर ह्या पोरीला जन्मभर म्हणावं लागलं असतं."

पुतणी शेजारीच ताट घेऊन बसली होती. तिने मान वर केली आणि आईसमोर, काकांसमोर म्हणाली, "होकार आला तर त्यांना सांगा, मी नोकरी सोडणार न्हाई. आन् न्हाई आला तरी सोडणार न्हाई."