डालगं उचललं का?

उमाजी आमच्या राणीसावरगावचा. आजा-पणजा मेंढरामागं हिंडले, हा बी.कॉम. करून गंगाखेडला एका सोसायटीच्या धान्य-गोदामात कारकून लागला. पण नजर मेंढक्याचीच. कुलूप तीनदा ओढून बघणार. कुणी चहा दिला तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघणार, मग कपाकडं. बायको म्हाळसाबाई सांगते, "आंतरपाट धरला तवा बी ह्यो खालून वाकून बघायलता, पोरगी तीच हाय का म्हणून."

यंदा गोदामाचे पत्रे गळून सोयाबीनची पोती भिजली. मॅनेजर भागवतरावांनी ठपका उमाजीवर ठेवला : पत्रे ढिले झालेत हे यानं कळवलंच न्हाई. उमाजीनं मे महिन्यातच मेल केला होता. छापून ठेवला नव्हता, कारण प्रिंटर भागवतरावांच्या खोलीत. आता चौकशी शुक्रवारी. मेल दाखवला तर नोकरी राहणार, नसता मेंढरं हायेतच.

अन् नोटीस हातात पडली बुधवारी. मंगळवारीच जुना मेल बंद झालेला. कंपनीचं ते विकतचं सॉफ्टवेअर दर साली लायसनचे पैसे मागायचं, म्हणून सोसायटीनं ओपन सोर्सवर जायचं ठरवलं. मेल अन् निरोप एकाच ठिकाणी, ते बी फुकट. तारीख भागवतरावांनी काढली. उमाजीला शक यायला एवढं बस झालं.

जुने मेल नव्यात हलवायला परभणीहून सृष्टी आली होती. गुरुवारी सकाळपासून उमाजी तिच्यामागं खुर्ची टाकून बसला.

"फुकट कोण देतं, ताई? खतासाठी मेंढरं बी कुणी फुकट शेतात बसवीत न्हाई."

"जगभरातले लोक मिळून बनवतेत, काका. कोड उघडा असतो. कुणी बी बघावा."

"तुमी बघितला?"

"सगळा न्हाई."

"भागवतरावानं?"

"त्यायला पासवर्ड बी मलाच सांगावा लागतो."

"म्हंजी उघडं हाय, पण बघितलं कुणीच न्हाई."

सृष्टी हसली. उमाजी हसला न्हाई.

चारच्या सुमाराला ती म्हणाली, "झालं, काका. जुन्यात तुमचे मेल सहा हजार दोनशे बारा, नव्यात बी तेवढेच. एक बी इकडंतिकडं न्हाई."

उमाजीनं स्क्रीन वरून खाली बघितली. पुन्हा बघितली.

"गिनती बराबर हाय, म्हणूनच शक येतोय. डालगं उचललं का?"

"काय?"

मग त्यानं सांगितलं. मेंढरांचा वाडा हलवायचा म्हणलं की जाळीच्या फटीतून एकेक मेंढरू मोजून काढतेत. नुकती जन्मलेली कोकरं त्या गिनतीत नसतेत, ती डालग्याखाली, म्हंजी पालथ्या टोपल्याखाली, झाकलेली असतेत. म्हणून निघताना म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारायचं, डालगं उचललं का? एका साली चुलत्यानं विचारलं न्हाई. दोन कोसावरून माघारी गेले तवर तिन्ही कोकरं कोल्ह्यानं नेलेली.

"जपायचे मेल मी आवक-जावकीत ठेवीत न्हाई. येगळा फोल्डर केलाय, 'डालगं' नावाचा. त्यो कुठं हाय?"

सृष्टीनं यादी उघडली. "मी आलेले अन् पाठवलेले एवढंच घेतलं. बाकी कुणीच असा फोल्डर केलेला न्हाई, म्हणून तुमचा बघितलाच न्हाई. चूक माझी."

"चुकून ऱ्हायला, का ऱ्हाऊ द्या म्हणून सांगितलं कुणी?"

"काका, मी हितं पोटासाठी आलेय. तुमच्या भांडणासाठी न्हाई."

तेवढ्यात भागवतराव दारात. "झालं ना? मग पाचला जुनं पुसून टाका."

"एक फोल्डर ऱ्हायलाय, सर."

"किरकोळ असंल. सोडा."

"किरकोळ असंल तर येऊ द्या की, साहेब," उमाजी म्हणाला.

सृष्टीनं दोघांच्या तोंडाकडं बघितलं. मग बटन दाबलं. एक्केचाळीस मेल आले. तिनं वरचाच उघडला. एकोणीस मे, 'गोदाम दोनचे पत्रे ढिले झाल्याबाबत.' खाली भागवतरावांचं एका शब्दाचं उत्तर : 'बघू.'

"लक्षात न्हाई ऱ्हायलं," भागवतराव म्हणाले, अन् गेले.

शुक्रवारी चौकशीत उमाजीनं कागद नेला न्हाई. कागद कुणी बी छापतं म्हणाला. सगळ्यायसमोर नवा मेलच उघडून दाखवला. नोकरी राहिली.

जाताना सृष्टीनं विचारलं, "आता तरी शक गेला का, काका?"

"नव्या वाड्यात पयल्या राती कुणी झोपत नसतंय, ताई."

तवापासून भागवतराव त्याला मेल करीत न्हाईत. जे काय सांगायचं ते तोंडी, दारात उभं राहून. उमाजी मान हलवतो, जागेवर येतो अन् लिहितो : 'आत्ता आपण तोंडी सांगितल्याप्रमाणे...' पाठवतो. गेला का बघतो. अन् डालग्याखाली झाकतो.