खुर्ची, पंखा आणि सकाळची बॅच

हसणार नसाल तरच सांगते. जाऊ द्या, हसा. मी एकदा एका कॉलेजच्या अख्ख्या रसायनशास्त्र विभागाचं वेळापत्रक उलटंपालटं करून टाकलं. तेही जागेवरून न उठता आणि शपथेवर सांगते, मला स्वतःला त्याचा पत्ताही नसताना!

आधी माझी पार्श्वभूमी ऐका. बारावी सायन्स केलं, मग घरच्यांनी ‘नोकरी लवकर लागते’ म्हणून बी.कॉम.ला बसवलं. नोकरी लागलीही, नागपूरच्या सदर भागातल्या एका ऑफिसात. मग लग्न झालं, मग मिहू झाली, मग नोकरी सुटली. पण परीक्षानळीत रंग बदलताना पाहिला की मनात जी उकळी फुटायची, ती काही सुटली नाही. मिहू प्लेस्कूलला जायला लागली आणि मी एक दिवस नवऱ्याला म्हटलं, “निलेश, मी बी.एस्सी. करते. केमिस्ट्रीत. पहिल्या वर्षापासून.”

निलेश म्हणाला, “कर न. काहून नाही? पण मिहूले आणन कोण?”

इथेच सगळं अडलेलं होतं. मिहूची शाळा साडेबाराला सुटते. निलेश लकडगंजला एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो, त्याला भर दुपारी निघता येत नाही. सासूबाई गावाला. आणि कॉलेजात प्रॅक्टिकलच्या बॅचेस दोन. सकाळची बाराला मोकळी, दुपारची चार वाजेपर्यंत. त्यातून जो आधी येईल त्याला आधी जागा. म्हणजे सकाळची बॅच मिळाली तर मी विद्यार्थिनी, नाही तर घरी बसा आणि फोडणीतल्या रासायनिक क्रियांचा अभ्यास करा!

मी स्वभावाने घाबरट. मिहूला एक शिंक आली तरी मी तीन आजारांची माहिती वाचून ठेवते. मग विषयनिवडीचं काय केलं असेल, विचारूच नका. आताचं बी.एस्सी. म्हणजे तीन विषय घेतले आणि मोकळे झालो, असं राहिलेलं नाही. एक मेजर, एक मायनर, एक भलत्याच शाखेतला विषय, एक हाताला काम शिकवणारा, शिवाय भाषा. लग्नातल्या बुफेसारखं आहे. प्रत्येक टेबलावरून ठरलेले दोन-दोन चमचे घेतलेच पाहिजेत, नाही तर गेटबाहेर सोडणार नाहीत! मी तीन आठवडे नियम वाचले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मिहूच्या स्केचपेनांनी तक्ता काढला. मेजर लाल, मायनर हिरवा, आणि मिहूची शाळा सुटायची वेळ जाड काळ्या रेघेने.

निवड नोंदवायच्या दिवशी नेमकी मिहूच्या शाळेत सकाळी पालकांची सभा होती. तिथून थेट कॉलेजात जायचं, म्हणून नेसले कॉटनची साडी, लावला चष्मा.

निलेशने वर पाहिलं. “काहून वं, शिकाले चालली का शिकवाले?”

तेव्हा मला हा टोमणा वाटला. ती धोक्याची सूचना होती हो!

विभागात पोचले तर नोंदणीची खिडकी बंद. पोरं-पोरी, त्यांचे आईबाप, सगळे व्हरांड्यात घामाघूम. आणि त्या गर्दीत काय दिसावं? एक टेबल. एक खुर्ची. वर गरगर फिरणारा पंखा. आणि खुर्ची चक्क रिकामी! नागपुरात जूनच्या दिवसांत पंख्याखालची खुर्ची रिकामी असेल तर माणसाने थांबून विचार करायला हवा, की का बरं रिकामी आहे? मी नाही केला. बसले. टेबलावर तक्ता पसरला आणि शेवटचा हात फिरवायला घेतला.

दोन मिनिटांत एक मुलगी समोर. “मॅडम, एक विचारू?”

आपल्याकडे भाजीवालाही ‘मॅडम’ म्हणतो, मला काही वेगळं वाटलं नाही. “विचार न.”

“मी नरखेडची. इथं होस्टेलवर राहणार. पण शनिवारी घरी जावं लागते. मले कोणती बॅच बरी पडन?”

“सकाळची!” मी म्हटलं. “बाराला सुटलीस की सरळ स्टँडवर. उजेडात घरी पोचशील.”

तिच्या मागे तिचे वडील. पांढरा सदरा, कपाळावर आठ्या. “मॅडम, तुम्हीच समजवा जी इले. मायनरले फिजिक्स घेतो म्हणते. मी म्हणून राहिलो बॉटनी घे. आपला संत्र्याचा बगीचा हाय.”

“काका, शिकणार कोण?”

“हे पोरगी.”

“मग फिजिक्स घेऊ द्या. बगीच्यासाठी कौशल्याच्या विषयात माती-पाणी परीक्षण आहे, ते घ्या. तुमच्या विहिरीचं पाणी तीच तपासून देईल.”

काकांनी मान डोलावली. मग वळून व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे, ह्या मॅडम लय चांगलं सांगून राहिल्या!”

झालं! मोहोळ उठावं तशी गर्दी माझ्याकडे सरकली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हा तरी कळायला नको? नाही ना कळलं! मला वाटलं, किती साधी माणसं! एकमेकांना विचारून चाललंय सगळं. आणि खरं सांगू? तीन वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं, ‘आई, माझा मोजा कुठे’ याखेरीज. इथे लोक माझं म्हणणं वहीत उतरवून घेत होते! मी फुगले. गणिताला घाबरणाऱ्या पोराला सांगितलं, गणित घेऊ नकोस पण पळूही नकोस, केमिस्ट्रीत ते मागच्या दाराने येतंच. आणखी एकाने दुसऱ्या शाखेतला विषय म्हणून परत सायन्सचाच निवडला होता, त्याला इतिहासाकडे वळवलं. एका आईला वाटत होतं केमिस्ट्रीत पोरगी हात भाजून घेईल. तिचा हात हातात घेऊन मी म्हटलं, “ताई, पोळ्या करतानाही भाजतोच की!”

शिपाईभाऊ आले. “मॅडम, पंखा फास्ट करू?”

“करा.”

“चहा?”

“चालेल.”

कॉलेज किती अगत्यशील, मी मनात म्हटलं.

आणि प्रत्येक जण शेवटी एकच विचारायचा, “मॅडम, तुम्ही असत्या तर कोणती बॅच घेतली असती?”

“सकाळची! डोळे झाकून! अरे, नागपूरच्या दुपारी बंद खोलीत वीस बर्नर पेटणार. तुम्ही प्रयोग करणार की प्रयोगात शिजणार?”

सगळे हसायचे, मान हलवायचे आणि माझ्यासमोरून तडक कुठेतरी जायचे. कुठे, ते मी पाहिलं नाही. मला सल्ल्यांतून मान वर करायला फुरसत होती का?

गर्दी ओसरली. मी थंड झालेला चहा प्यायला घेतला. शिपाईभाऊ कौतुकाने म्हणाले, “मॅडम, कमाल केली तुम्ही. सकाळची बॅच फुल झाली.”

“अरे वा, छान!”

घोट घशाखाली उतरला आणि मग डोक्यात उजेड पडला.

छान? कोणासाठी छान?

मी उठले तशी खुर्ची मागे पडली. खिडकी केव्हाची उघडली होती. मी धापा टाकत जाळीला चिकटले. “सकाळची बॅच! एक जागा!”

आतले बाबू म्हणाले, “फुल झाली, मॅडम. विद्यार्थ्याचं नाव काय?”

मी नाव सांगितलं.

“ते तुमचं झालं. विद्यार्थ्याचं सांगा न.”

“तेच. मीच.”

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तरी मीच दिसत होते.

एवढ्यात विभागप्रमुख ढोबळे मॅडम बाहेर आल्या. सोबत एक सर, हातात कागदी कप. “सर, मार्गदर्शनाच्या टेबलावर तुम्ही बसणार होता ना?”

“हो, मॅडम. पण मी चहा पिऊन आलो त इथं ह्या बसून होत्या. मले वाटलं तुम्हीच नव्या मॅडमले बसवलं. मंग मी परत चहाले गेलो.”

मी वळून पाहिलं. पडलेल्या खुर्चीच्या मागे भिंतीवर हातभर लांब पाटी होती, ‘विषयनिवड मार्गदर्शन’. सगळा वेळ माझ्या डोक्यामागे! व्हरांड्यातल्या प्रत्येकाने ती वाचली होती, मी सोडून.

“तुम्हाला इथे कोणी बसवलं?” ढोबळे मॅडमनी विचारलं.

“पंख्याने,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

“आणि तुम्ही कोण?”

“फर्स्ट इयर.”

व्हरांड्यातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग नरखेडच्या काकांचा आवाज आला, “आँ? ह्या पोरीच्या वर्गात हायेत? मंग आपण विचारलं कोणाले बे?”

मला वाटलं, आता धरती दुभंगावी आणि दुभंगताना निदान पंखा चालू असावा. ढोबळे मॅडमनी नोंदी मागवल्या. एकेक पाहू लागल्या. मी मनात माफीनामा जुळवत होते. प्रवेश रद्द. निलेश हसणार. मिहू मोठी झाल्यावर तिला कोणीतरी सांगणार.

मॅडमनी नरखेडच्या मुलीला बोलावलं. “तू हे विषय का घेतलेस? सांग.”

पोरगी घडाघडा बोलली. मेजर म्हणजे काय, फिजिक्स का, माती परीक्षण कशासाठी. वडिलांनी मधे “बरोबर!” म्हटलं.

मॅडमनी वर पाहिलं. “दरवर्षी निम्मी पोरं महिनाभराने विषय बदलायला रडत येतात. यंदा एकाचंही चुकलेलं नाही. तुम्ही हे कुठे शिकलात?”

“घरी. घाबरून.”

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “पण सकाळच्या बॅचमध्ये आता जागा नाही.”

मी मिहूचं सांगितलं. शाळेचं फाटक, साडेबारा, लकडगंज, सगळं. डोळे भरून आले. तेव्हा नरखेडची पोरगी पुढे झाली. “मॅडम, माझी जागा ह्यांले द्या. मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं जाईन.”

आता मोह कोणाला होत नाही? हो म्हणायला तोंड उघडलंच होतं मी. पण तिला उजेडात घरी पोच म्हणून मीच सांगितलं होतं ना! “नाही,” मी म्हटलं. “तुझी जागा तुझीच.” हे बोलणाऱ्या बाईला मी स्वतःच ओळखलं नाही.

बाबूंनी खिडकीतून डोकं काढलं. “मॅडम, दुपारच्या बॅचले फक्त दोघं हायेत. अन् त्यांलेही सकाळचीच पाहिजे होती.”

“दोन पोरांसाठी अख्खी दुपार लॅब उघडी ठेवायची?” ढोबळे मॅडम म्हणाल्या. त्यांनी क्षणभर वर, माझ्या त्या पंख्याकडे पाहिलं. “शेजारची लॅब सकाळी रिकामीच असते. दोन्ही बॅचेस सकाळी घेऊ. दुपारची रद्द!”

काय गलका झाला म्हणून सांगू! काकांनी शिट्टी मारायचीच बाकी होती. कपवाल्या सरांनी हळूच विचारलं, “मॅडम, मंग उद्या मार्गदर्शनाले मी बसू?”

“बसा. आणि चहा जागेवरच मागवा.”

मी सकाळच्या दुसऱ्या बॅचमध्ये पहिलं नाव घातलं. त्या दिवशी घरी येताना रिक्षावाल्याने दोन वेळा आरशात पाहिलं. मी एकटीच हसत होते.

आणि पहिलं प्रॅक्टिकल? तीन रंग बदलले, एकही काच फुटली नाही! बाराला सुटले ती उडतच मिहूच्या शाळेकडे. फाटक उघडायच्या आत हजर! घाईत अंगावरचा पांढरा एप्रन काढायचाही राहून गेला होता.

शेजारी एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि पोराला पुढे ढकललं. “डॉक्टर मॅडम, सकाळपासून घसा दुखते म्हणते हा. जरा पाहता का जी?”

मी ठाम ठरवलं होतं. ह्या वेळी पहिल्या वाक्यातच सांगायचं, आजी, मी डॉक्टर नाही, मी फर्स्ट इयर. मी दीर्घ श्वास घेतला, खाली वाकले आणि म्हटलं,

“आ कर, बेटा.”