रुमालाखालचा सौदा

कोणत्याही फुटबॉलपटूचे नाव निघाले की बापूराव आधी एकच गोष्ट विचारत, "दातात कसा हाय?"

मिहिर, सई, तुम्ही नातवंडांनी बापूरावांना पाहिले नाही. सेलूला आपल्या घरापासून चौथे घर त्यांचे. चाळीस वर्षे ते बैलांच्या बाजारात दलाल होते. सेलू, वालूर, पालम, जिथे बाजार असेल तिथे जायचे. बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. दोघे एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि त्याखाली बोटे दाबून आकडा सांगत. भोवती शंभर माणसे उभी असली तरी त्यांना फक्त हलणारा रुमाल दिसे. आकडा त्या दोघांनाच ठाऊक. "रुमालाखाली ठरलं ते रुमालाबाहेर मोडत न्हाई," हे बापूरावांचे ठरलेले वाक्य होते.

पुढे ट्रॅक्टर आले, बैलबाजार विरळ झाला आणि बापूरावांचे हात रिकामे झाले. तेव्हा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेल्या रशीदभाईंनी त्यांना आपल्या टीव्हीसमोर बसवून इंग्लंडचा फुटबॉल दाखवायला सुरुवात केली. सामना चालू असताना बापूराव शांतपणे झोपत. पण हंगाम संपून खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली आणि ते ताठ बसले. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आले. "बाई, ह्यो तर आपलाच बाजार हाय. पण समदं इंग्रजीत हाय. तुमी वाचा."

मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. कोणता खेळाडू कोणत्या क्लबात जाणार हे वाचण्यासाठी ते शिक्षण उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. पण तेव्हापासून जून ते पोळा, रोज सकाळी आठला, माझ्या पडवीत तीन माणसे बसू लागली: लाल शर्टवाल्या संघाचे बापूराव, निळ्या शर्टवाल्यांचे रशीदभाई आणि आमच्या शाळेचे जुने शिपाई मुंजाजी. मुंजाजींना संघ नव्हता. त्या दिवशी ज्याने तंबाखू दिली त्याच्या बाजूने ते बोलत. मी एक वही केली. अफवा पेन्सिलीने, पक्की बातमी पेनाने. रात्री तिकडे जे घडे ते सकाळच्या चहाबरोबर मी वाचून दाखवी.

"सत्तावीस वर्षांचा आहे," मी एकदा वाचले.

"म्हणजे जुळला," बापूराव म्हणाले. सगळे दात आलेल्या बैलाला जुळला म्हणतात. "आता वाढणार न्हाई. गुडघा कसा हाय?"

"मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय. पण हा व्हिडिओ बघा, किती पळतोय."

"विकणारा पळवूनच दाखवत असतो, बाई. मऊ रानात कोणता बी पळतो. चिखलात बघितलं का कुणी त्याला?"

"बापू, तुमारे लालवालों के नसीब में चिखलच है," रशीदभाई म्हणाले.

बापूरावांना त्या बाजारातली एकच गोष्ट सहन होत नसे. खेळाडूची किंमत पेपरात छापून येते हे मी सांगितले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. "भाव छापला? उघड? सोयऱ्याधायऱ्यांना कळलं की आता. त्या लेकरानं पाय कसा उचलावा?" पुढे महिनाभर मी किंमत आली की ती गाळून वाचत असे.

त्यांचा दुसरा हट्ट राखीव खेळाडूंचा. "अकरा तर समद्यांकडं असतेत. बारावा कोण, ते वाचा. ऐन पेरणीत एक बैल लंगडला तर तुमी सवता जुंपून घेणार का?" त्यांचा संघ दरवर्षी पुढच्या फळीसाठी कोणी तरी नवा आणी आणि मागे दोन बचावपटू जखमी झाले की आपटे. बापूराव ते जूनमध्येच सांगून मोकळे होत.

मग त्यांनी ही नजर आमच्या पडवीकडे वळवली. "बाई, तुमी आजारी पडलात तर वाचणार कोण? आपल्याकडं बारावा न्हाई." कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना एका सकाळी बोलावून पाहिले. त्यांनी पहिल्याच बातमीतल्या वाक्यरचनेवर पाऊण तास घेतला. ते गेल्यावर बापूराव म्हणाले, "माणूस चांगला हाय. पण याचं वाचून होईस्तोवर खेळाडू म्हातारा व्हायचा."

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत तुमचे बाबा मला कायमचे तुमच्याकडे परदेशात न्यायला आले, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही माझ्यासाठी वरची खोली रंगवून ठेवली होती. बाबांनी व्हिसाचा अर्ज आणला होता, फक्त माझी सही राहिली होती. खरे सांगते, मला जायचे नव्हते. पण तुमची रंगवलेली खोली डोळ्यांसमोर होती आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. तीन दिवस अर्ज टेबलावर पडून होता.

चौथ्या दिवशी सकाळी बापूराव आले. धुतलेले धोतर, खांद्यावर रुमाल. मागे रशीदभाई आणि मुंजाजी. बापूराव तुमच्या बाबांसमोर बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "शिरीकांत, वय बहात्तर. गुडघे दोन्ही गेलेत. दात निम्मे बसवलेले हायेत. थंडीत तर लय कुरकुर करतेत. एवढ्या लांब कशाला न्यायलास?"

मी म्हटले, "बापूराव, मी इथेच बसले आहे."

"बाई, चुप बैठो," रशीदभाई हळूच म्हणाले. "भाव गिरा रा है वो."

बापूरावांनी हात पुढे केला. "किती वर्षं ठेवतोस हितं, सांग." आणि वर रुमाल टाकला.

तुमचे बाबा हसत होते. रुमाल हलू लागला. हसणे थांबले. रुमाल पुन्हा हलला, मग बराच वेळ हललाच नाही. मुंजाजींच्या हातात बशी तशीच राहिली. शेवटी बापूरावांनी रुमाल काढला, झटकला, खांद्यावर टाकला. "झालं."

"किती?" मी विचारले.

"मालाला भाव सांगत नसतेत, बाई."

बाबांनी अर्ज बॅगेत ठेवला. "आई, सध्या राहू दे," एवढेच म्हणाले. मी आत जाऊन चहा टाकला आणि दोनदा साखर घातली. कोणी तक्रार केली नाही.

यंदा पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बापूराव झोपेतच गेले. त्यांच्या संघाची तीन नावे माझ्या वहीत पेन्सिलीतच होती. दोन पुढे पक्की झाली. तिसरा रशीदभाईंच्या संघात गेला. ती बातमी मी वाचली तेव्हा रशीदभाई म्हणाले, "बापू होता तो मजा आता."

तेराव्यानंतर मी तुमच्या बाबांना फोन करून विचारले, "आता तरी सांग, किती ठरलं होतं?"

"मी एक बोट धरलं, आई. त्यांनी पाच दाबली. मी दोन, त्यांनी पाच. मी तीन केली तर त्यांनी माझा अख्खा पंजा मुठीत धरला आणि सोडेचनात. हात दुखायला लागला, तेव्हा मी पाचाला हो म्हटलं." मग म्हणाले, "पण आता बापूराव नाहीत, तर..."

"श्रीकांत," मी म्हटले, "रुमालाखाली ठरलं ते रुमालाबाहेर मोडत नाही."

"बरं, आई," ते म्हणाले. लहानपणी वालूरच्या बाजारात बापूरावांचे बोट धरून तेही हिंडले आहेत.

तेव्हा सई, तिकडच्या माझ्या खोलीत तुझी सायकल अजून दोन वर्षे खुशाल ठेव. इकडे मी मुंजाजींना इंग्रजी अक्षरे शिकवते आहे, कारण बारावा कोण हा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोन वर्षांनी बाबा पुन्हा बोलणी करायला येतील, तेव्हा त्यांना एवढेच सांगून ठेवा: बापूरावांचा रुमाल रशीदभाईंनी धुऊन, घडी घालून ठेवला आहे.