विचारायला शिकलेले भाऊ

"हे असं का गं?" असं म्हणत भाऊ मान वाकडी करायचे आणि समोरच्या वस्तूत नाक खुपसायचे. माझ्या शिलाई मशीनपासून शेजारणीच्या लोणच्यापर्यंत काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

पण हे साठीनंतरचे भाऊ. आधीचे तुम्ही पाहायला हवे होते! भिवपुरीच्या पॉवरहाउसातून निवृत्त होऊन कशेळ्यापुढच्या आमच्या गावात, माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला आले, तेव्हा दिवसाला चार शब्द बोलले तर सण. "चहा दे." "वाढ." "लाइट घालव." बायकोशी, म्हणजे आमच्या वहिनींशी, सगळा संसार एवढ्यावरच झाला. वहिनी गेल्या आणि तेवढंही बोलणं संपलं.

मुलगा कुंभिवलीला कारखान्यात. तो भाऊंना म्हणाला, "आप्पा, चला माझ्याकडं. तुमाला साधं पाणी तापवता येत नाय." भाऊंना घर सोडायचं नव्हतं. हो-नाही करता करता मुलानेच अट घातली, "दिवाळीपर्यंत भाकरी जमली तर राहा. नायतर मी सामान उचलतो."

झालं! दुसऱ्याच दिवशी जळका वास आला म्हणून मी धावले. तवाभर तुकडे. या बाबाने तांदळाचं पीठ थंड पाण्यात मळलेलं.

"अहो भाऊ, उकड काढावी लागते! उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं, वाफ आणायची, मग मळायचं."

"का पण? चपातीला नाय लागत."

मला काय ठाऊक? आईने सांगितलं, मी केलं. भाऊंनी मात्र अर्धं पीठ थंड पाण्यात, अर्धं गरम पाण्यात मळून बघितलं. मग कोमट. आळीतल्या कोंबड्यांची चंगळ झाली. पुढे ते दारोदार फिरून बायकांच्या चुलीपाशी उभे राहू लागले. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, नंतर बसायला पाट देऊ लागल्या. या वयात माणूस एवढा बदलतो, हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते.

दिवाळीला मुलगा आला. मी फराळ द्यायला गेले तेव्हा दोघे जेवतच होते. मुलाने पहिला घास घेतला आणि थांबला. "आईसारखी झालीय," म्हणाला.

भाऊ त्याच्याकडे वळले. "व्हय? तिची कशी व्हायची रं? रोज खाल्ली मी, पण कधी ध्यान दिलं नाय. सांग ना."

मुलाने आणखी एक भाकरी वाढून घेतली. संध्याकाळी तो एकटाच परत गेला.

घर राहिलं, पण त्यात माणूस एकच. मग भाऊ वहिनींबद्दल विचारू लागले. "तुज्याशी काय बोलायची गं ती? हसायची का?" मी सांगायचे. वहिनींना आंबट बोरं आवडत. त्या नकला भारी करायच्या, सरपंचांची तर हुबेहूब. "आसं?" भाऊ म्हणायचे, "मला ठावंच नाय." स्वतःच्या बायकोची ओळख शेजारणीकडून करून घेणारा हा पहिलाच माणूस मी पाहिला. एक दिवस माझ्याकडचं सगळं संपलं.

"अजून?"

"नाही हो भाऊ. एवढंच."

ते उठून घरी गेले.

मागच्या थंडीत भाऊ झोपेतच गेले. मुलाने घराला कुलूप लावलं. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत नाही, आणि सकाळ खायला उठते.

परवा कशेळ्याला बाजार करून जीपची वाट बघत बसले होते, तेव्हा एकदम आठवलं. तिथेच आम्ही दोघी बसायचो. जीप भरत आली तरी वहिनी उठायच्या नाहीत. म्हणायच्या, "जाऊ दे गं ही, दुसरीनं जाऊ. घरी कोण बोलतंय माझ्याशी?"

पूर्वीच्या भाऊंना हे सांगितलं असतं, तर त्यांनी मला उंबऱ्यात उभं केलं नसतं. नंतरच्या भाऊंना सांगता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं, रडलेही असते. आणि तेच आता नाहीत.