वरचे

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दुपारचं ऊन खिडकीतून तिरकं येतं आणि त्यात रुईचे कण तरंगत राहतात. कीबोर्डवर बसतात, चहावर बसतात, पापण्यांवरही बसत असावेत. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट असतो, पण तो आता मला ऐकू येत नाही. वीज गेली, की मात्र दचकून जाग आल्यासारखं होतं.

पगाराचं सॉफ्टवेअर अशाच एका दुपारी आलं. मालकांनी संगणकापुढे नारळ फोडला, पडद्याला हार घातला आणि आपण नव्या युगात प्रवेश करत असल्याचं जाहीर केलं. हारामुळे अर्धा पडदा झाकला गेला होता. उरलेल्या अर्ध्या युगात ओव्हरटाइमचा तक्ता उघडा होता.

तोवर ओव्हरटाइमचे पैसे वेगळे, हातात मिळत. आता ते पगारातच दाखवायचे होते, म्हणजे वर्षअखेरीस आयकराच्या हिशेबात आपोआप आले असते. याची खरी घाई होती ती मागांच्या दुरुस्तीवरच्या तरुण जॉबरला. दुधनीच्या एका घरात त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीच्या वडिलांना त्याची कमाई कागदावर बघायची होती.

"मॅडम, माझं सगळं दिसंल की त्यात? न्हायतर कागदावर मी लई बारीक दिसतो."

सॉफ्टवेअर एकेक प्रश्न विचारत होतं. ठरलेल्या तासांपलीकडचं काम? हो. करपात्र? हो. फंड कापायचा? नाही. दुपारच्या गुंगीत वाटे, पाण्याखालून कुणीतरी माझी चौकशी करतंय. शेवटी त्यानं विचारलं, पगारपत्रकावर या रकमेचं नाव काय छापू?

"अतिरिक्त कालावधी परिश्रम मोबदला," मालक म्हणाले. "जरा वजन येतं."

रकान्याला ते वजन पेललं नाही. 'अतिरिक्त का' एवढंच छापून तो थांबला. प्रश्न रास्त होता, पण पगारपत्रकावर शोभला नसता. मग कारखान्यात सगळे म्हणतात तेच मी लिहिलं : वरचे.

पुढच्या महिन्यात मुलीचे वडील ते पगारपत्रक घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले. पांढरी टोपी, कपाळावर भस्म. मराठी बोलत होते, पण मनातल्या मनात कन्नडमध्ये तपासून घेत असावेत.

"अक्का, हितं 'वराचे' म्हणून लिवलंय. नवऱ्या मुलाचं एवढंच? मग ह्ये वरलं, 'मूळ' म्हणून, त्ये कुणाचं? आईबापाचं?"

दारात जॉबर उभा होता. त्याच्या हातातला पाना हळूहळू खाली आला.

"मामा, ते 'वरचे' आहे," मी म्हटलं. "मूळ पगारही त्याचाच. हे वेळेपेक्षा जास्त काम केल्याचे. सरकारला दाखवलेत, त्यावर करही धरलाय."

"वरचं? आनि सरकारला दाखवलंय?" ते पहिल्यांदा हसले. "हौदा? खरंच? असला मानूस मी बगितला न्हाय."

मीही हसले. 'मूळ'वरून त्यांना नक्षत्र आठवलं नाही, हे नशीबच. पण ते पुन्हा कागदाकडे बघत राहिले. एक कण त्या ओळीवर येऊन बसला. त्यांनी तो फुंकरीनं उडवला.

"आनि ह्ये वरचं एवढं असंल," ते दाराकडे वळून म्हणाले, "तर घरी कदी येनार तुमी? पोरगी काय भिंतीसंगं बोलंल?"

या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता. जॉबर पान्याकडे बघत म्हणाला, "येतो की. सांजच्याला. कमी करतो वरचं."

"कागदावर?"

"न्हाय, खरंच."

मामांनी कागदाची चौपदरी घडी करून ती टोपीत ठेवली. "मग पोरीला इचारतो," म्हणाले आणि स्टँडकडे निघाले.

पोरगी हो म्हणाली. लग्नाच्या पुढच्या महिन्यात संध्याकाळचा भोंगा झाला, की जॉबर पाना पुसून सायकल काढताना मला खिडकीतून दिसे. पगारपत्रकावर 'वरचे' समोर शून्य आलं. सॉफ्टवेअरनं नेहमीच्या गांभीर्यानं विचारलं, ही रक्कम करासाठी धरायची का?

मी 'हो' दाबलं.