पंच्याऐंशीच्या आत

माझा कॉम्प्युटर म्हातारा आणि मी घाईची. चादरी-टॉवेलांची डिझाइनं मी घरूनच करते. एकेक डिझाइन पडद्यावर उमटायला इतका वेळ लागायचा की मधे माझ्या भाकरी थापून व्हायच्या. शेवटी व्हिडिओ बघून बघून मी प्रोसेसरचा वेग स्वतःच वाढवला. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. नवरा म्हणाला, "जाळशील एखाद्या दिवशी." म्हटलं, जळला तर माझा जळेल, तुम्ही जा चिंचोळीच्या कारखान्यात ड्यूटीवर.

काम भराभर व्हायला लागलं. पण वेग वाढवला की प्रोसेसर तापतो, आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते मी कशाला सांगू! पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसायचा. तो पंच्याऐंशीच्या आत राहायला हवा, वर चढायला लागला की काम थांबवायचं. आता स्वयंपाकघरातून तो दिसणार कसा? म्हणून मी सासऱ्यांना तिथं बसवलं.

मामंजी तेव्हा नुकतेच मैंदर्गीहून आले होते. आले म्हणजे, आम्ही आणले. सासूबाई गेल्यावर एकटेच राहायचे. गुडघे धरले म्हणून मेंढरं विकून टाकली होती. एकदा न्हाणीत पडले, ते शेजारीण ताक घेऊन येईपर्यंत तसेच पडून होते. ते ऐकलं आणि आता यांना एकटं ठेवायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. ते मात्र रोज चहा झाला की म्हणायचे, "हितं बसून काय करू पोरी? गावाकडं सोड मला."

आकडा बघायचं काम दिलं आणि हे म्हणणं थांबलं. खुर्ची ओढून, फेटा सारखा करून बसायचे. "पोरी, अठ्ठ्याहत्तर!" थोड्या वेळानं, "ऐंशी झालं, बग की लवकर!" भाकरी तव्यावर टाकून मी पळायची. कधी चिडायची, कधी हसायची. आकडा उतरला की माझ्याआधी त्यांचाच जीव भांड्यात पडायचा.

मे महिन्यात एका दुपारी मी काम सुरू ठेवून गिरणीतून दळण आणायला गेले. परत येऊन बघते तर काय, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ओलं पोतं! आपण माठाला गुंडाळतो तसं, चारी बाजूंनी, वर दोरी बांधून. पाणी टपटपतंय आणि पडदा काळा. मामंजी तांब्या घेऊन उभे.

"लई तापलं हुतं गं. तू न्हवतीस. म्हनलं, जरा गार वाटंल."

"अहो, कळत नाही तिथं हात कशाला लावायचा!" मी ओरडलेच. ते दोरी सोडायला बसले, तर ओली गाठ सुटेना.

संध्याकाळी त्यांनी धोतरं पिशवीत भरली. नवऱ्याला म्हणाले, "आयतवारी यष्टीत बसवून दे." मी भांडी आपटत होते, पण मैंदर्गीची ती न्हाणी डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. प्रोसेसर वाचला होता, बोर्ड बदलावा लागला. दुरुस्तीवाल्यानं वेग पहिल्यासारखा करून दिला, वर मोठा पंखा बसवला. आकडा पंचावन्नवर जाऊन बसला तो हलेचना. मामंजी दारातूनच बघत राहिले. "बरं झालं," म्हणाले. "आता हेला बगाय कुनी नगं." तोंड इतकंसं झालं होतं त्यांचं.

ते आंघोळीला गेले तशी मी बसले आणि वेग पुन्हा वाढवला, आधीपेक्षाही जास्त. कामाला एवढ्या वेगाची काही गरज नव्हती.

"मामंजी, जरा बसता का इथं? माझ्या भाकरी राहिल्यात."

बसले, पण खुर्चीच्या कडेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी पीठ मळता मळता कान देऊन होते. मग हळूच, "एकाहत्तर." मग जरा मोठ्यानं, "पंच्याहत्तर हाय गं." आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक, "पोरी, ऐंशी झालं! ये की!"

पिठाच्या हातांनी धावत गेले. काम थांबवलं. आकडा उतरेपर्यंत दोघंही बघत राहिलो.

"उद्याच्याला मी गेलो," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तर हेला कोन बगंल?"

"कुणी नाही बघणार, मामंजी," मी म्हटलं.